लॉइड हॅस्केटचा लाल ठिपका

गाडीचं सगळं काम संपलं होतं. एक ठिपका तेवढा द्यायचा राहिला होता.

हालिना व्रूबेल चाकांच्या फळीवर उताणी पडून गाडीखाली सरकली. तिला सत्तरावं लागलं होतं, आणि फळीवर आडवं होताना तोंडातून कण्हणं निघायचंच. बाहेर स्टुलावर एल्मोर गॅडी रंगाची डबी मांडीवर घेऊन बसला होता. एल्मोर तिचा शेजारी. दोघंही एके काळी बर्डिकच्या कारखान्यात होते, तो रंगखात्यात आणि ती असेंब्ली लाइनवर. कारखाना बंद पडून तीस वर्षं होऊन गेली होती.

"कुठला देऊ?" एल्मोरनं विचारलं. "सगळा देश लाल देतो."

"काळा."

"प्रदर्शनात गुण जातील."

"जाऊ देत की. म्हणून तर देतेय."

एल्मोर हसला आणि काळ्या रंगात बुडवलेला बारीक ब्रश त्यानं खाली दिला. स्टिअरिंगची पेटी गाडीच्या सांगाड्याला तीन बोल्टांनी आवळलेली असते. त्यातल्या मधल्या बोल्टाच्या डोक्यावर हालिनानं ठिपका टेकवला, जरा डावीकडे, आणि शेवटी मनगटाचा हलका झटका. बोल्ट नीट आवळलाय हे तपासल्याची ही खूण; आठ वर्षं, दर पाळीला चारशे वेळा तिनं हेच केलं होतं. हात विसरला नव्हता.

गाडी म्हणजे एकोणीसशे सत्तर सालची बर्डिक रॅटलर. दोन दारं, लांबलचक नाक, रंग पिकल्या जांभळासारखा, आणि इंजिन असं की सुरू केलं की शेजारच्या घरातल्या बशा वाजायच्या. ओहायोतल्या एका शेतात कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या, तिथून हालिनानं ती उचलून आणली आणि सहा वर्षं खपून कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी होती तशी केली. तशी म्हणजे अगदी तशीच. बोल्ट त्या वर्षीचे, काचेवरची तारीख गाडीच्या तारखेच्या आधीच्या महिन्यातली, रबरी नळ्यांवरची अक्षरंसुद्धा त्या वेळची. कारखान्यात घाईघाईत जिथे रंग ओघळायचा, तिथे एल्मोरनं तो मुद्दाम ओघळू दिला. "अकरा वर्षं मी हे ओघळ पुसत होतो," तो कुरकुरायचा, "आणि आता म्हातारपणी पाडत बसलोय."

हॅमट्रॅमिकमध्ये, तिच्या गावात, लोक म्हणायचे, म्हातारीला काय छंद लागलाय! हालिनाला छंद नव्हता. तिला लॉइड हॅस्केट हवा होता.

लॉइड तिचा नवरा होता, सोळा वर्षं. माणूस दिसायला रुबाबदार आणि बोलायला गोड. टायरच्या दुकानात विक्रेता होता आणि गाड्यांचं त्याला भारी वेड. ती कामावरून यायची, बूट काढायची, आणि हा जेवणाच्या टेबलावर विचारत बसायचा. आज काय केलंत? कुठल्या नटावर कुठली खूण? तिलाही सांगायला आवडायचं, कारण तिच्या कामाबद्दल दुसरं कोण विचारत होतं? ती चौदा वर्षांची असताना पोलंडहून आली होती. इंग्रजी लिहायला तिला वेळ लागायचा, म्हणून लाइनवर लागल्यापासून तिनं एक वही पोलिशमध्येच ठेवली होती. कुठल्या टप्प्यावर कोण काय तपासतो, कुठल्या रंगाची खूण करतो, सगळं तोडक्या अक्षरांत.

शहाऐंशी साली लॉइड घर सोडून गेला तेव्हा वहीही गेली. एक्याण्णव साली त्याचं पुस्तक निघालं: रॅटलर गाडी कारखान्यातून कशी निघायची, खुणेनिशी. गाड्यांच्या वेड्यांनी ते डोक्यावर घेतलं. रॅटलरवाल्यांच्या क्लबनं त्याला प्रदर्शनातला मुख्य परीक्षक केलं; गाडी मूळ रूपाशी किती जुळते ते पाहून तो गुण द्यायचा. हालिनानं क्लबला पत्र लिहिलं, की वही माझी आहे, काम माझं आहे. क्लबनं उत्तर दिलं, सौजन्यानं, की घरगुती वाद घरात मिटवावेत. आणि लॉइडनं एका जेवणात, चाळीस माणसांसमोर हसत हसत सांगितलं, "बिचारी हालिना. ती कारखान्यात होती खरी. कॅन्टीनमध्ये."

चोरी तिनं कदाचित गिळली असती. कॅन्टीन गिळवलं नाही. आठ वर्षं तिनं पुरुषांची टवाळी ऐकत, सुजलेल्या बोटांनी ते काम केलं होतं.

पुढे कधीतरी तिनं दुकानात उभ्याउभ्या त्याचं पुस्तक चाळलं. चाळता चाळता एका पानावर थांबली आणि इतक्या मोठ्यानं हसली की दुकानदार वळून पाहू लागला. तिनं पुस्तक परत ठेवलं आणि त्याबद्दल कुणालाही, मुलीलासुद्धा, अवाक्षर सांगितलं नाही. ते सांगायचं कुठे आणि कुणासमोर, हे तिचं त्याच वेळी ठरलं.

इप्सिलांटीच्या मैदानावर जूनमध्ये क्लबचं प्रदर्शन भरलं. गवतावर साठ-सत्तर रॅटलर रांगेनं उभ्या. क्लबच्या सेक्रेटरी प्रुइटबाई अवघडून हालिनाकडे आल्या.

"व्रूबेलबाई, तुमच्या वर्गाचे परीक्षक हॅस्केटसाहेब आहेत. तुमची हरकत असेल तर दुसरं कुणी..."

"छे हो. त्यांनीच तपासायला हवी. त्यांच्याएवढी माहिती कुणाला आहे?"

लॉइड आला. पांढरी टोपी, हातात टॉर्च आणि काठीला लावलेला आरसा. मागे वीस-पंचवीस जण, कारण तो तपासताना बोलायचा आणि लोक ऐकून शिकायचे.

"हालिना! बरी आहेस ना? गाडी सुंदर आहे हं. कुणाकडून करून घेतलीस?"

"मीच केली."

"अस्सं." तो मागच्या लोकांकडे पाहून गालात हसला. "पाहू या तर."

पाऊण तास त्यानं गाडी चाळणीतून काढली. चाकांच्या हवेच्या तोंडावरची टोपणं चुकीची निघाली, सहा गुण गेले. हालिनानं मान डोलावली. ते त्याचं बरोबर होतं. मग तो गुडघ्यावर बसला, आरसा खाली सरकवला आणि च् च् केलं.

"स्टिअरिंगच्या मधल्या बोल्टवर काळं काय फासलंय हे? इथे लाल ठिपका हवा. हे तर नवशिक्यालाही माहीत असतं, हालिना. पाच गुण गेले."

"लाल कशावरून?"

"पुस्तकात आहे. पान एक्केचाळीस."

"पुस्तकात कुठून आलं?"

लॉइड उठला, गुडघे झटकले. "कारखान्यातल्या तपासनिसाच्या वहीवरून. मूळ वही माझ्याकडे आहे. साऱ्या देशात तेवढी एकच."

"ती वही पोलिशमध्ये आहे ना रे?"

लॉइडनं टॉर्च बंद केला.

"पोलिशमध्येच आहे," हालिना लोकांकडे वळून म्हणाली. "त्या बोल्टापुढे नुसतं 'च' लिहिलंय, आणि पुढे टिंब. आमच्याकडे काळ्याला चार्नी म्हणतात आणि लालला चेर्वोनी. दोन्हींना च. आता ज्यानं ठिपका दिला त्याला माहीत होतं कुठला च. ह्यांना पोलिश शब्द येत होता एकच. नाताळच्या आदल्या दिवशी माझी आई बिटाचं लालभडक सूप करायची, त्यातला चेर्वोनी. सोळा वर्षं ओरपलं ना. म्हणून लाल."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. लॉइडचे कान तापले.

"मंडळी, हा आमचा जुना घरगुती वाद आहे," तो म्हणाला. "हालिना कॅन्टीनमध्ये होती, हे तुम्हाला..."

"कॅन्टीनमध्ये?" एल्मोर पुढे झाला. "अकरा वर्षं मी त्या कॅन्टीनमध्ये जेवलो. तिथे वाढायला ग्लॅडिस होती. दार भरून उभी राहायची आणि बटाटे मोजून द्यायची. ही बाई तिथे माझ्यासारखीच ताट घेऊन रांगेत असायची, बोटं काळी करून."

आता लोक मोकळेपणानं हसले. लॉइडनं हात वर केला. "गोष्टी कुणीही सांगेल. पुरावा कुठाय?"

हालिना ह्याच वाक्याची वाट पाहत होती.

"स्टाउटसाहेब," तिनं हाक मारली, "दाखवता का जरा?"

ऑर्व्हिल स्टाउट हा नव्वदीला टेकलेला शेतकरी. त्यानं सत्तर साली रॅटलर विकत घेतली, दोन महिन्यांत दारू पिऊन ती दोनदा खड्ड्यात घातली, आणि न्यायाधीशानं त्याचा परवाना काढून घेतला तो कायमचा. गाडी धान्याच्या कोठारात झाकून राहिली. तिचा एक नटही कुणी फिरवलेला नव्हता, आणि दर वर्षी प्रदर्शनात ती आणली की लॉइड स्वतः लोकांना दाखवून सांगायचा, बघा, ही अस्पर्श गाडी. तिच्या स्टिअरिंगच्या पेटीवर उष्णता अडवायची पत्र्याची झाकणी अजून जागच्या जागी होती. त्याखाली पन्नास वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

"ती झाकणी काढायची नाही!" लॉइड म्हणाला. "गाडी बिघडेल."

"गाडी माझी आहे," स्टाउट म्हणाला. "आणि बाईंनी मला हिवाळ्यातच विचारून ठेवलंय. पाना घरूनच आणलाय मी."

एल्मोर खाली गेला. गंजलेले स्क्रू कुरकुरले. झाकणी निघाली तेव्हा प्रुइटबाईंनी स्वतः टॉर्च धरला, आणि त्यांच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं. पिवळसर बोल्टाच्या डोक्यावर काळा ठिपका होता, जरा डावीकडे, टोकाशी झटक्यानं ओढलेला. एकेक जण वाकून पाहू लागला. मग काही जण हालिनाच्या गाडीकडे गेले, तिथे वाकले, आणि परत आले.

"मी दोनदा डांबर समजून पुसलाय हो," एक जण म्हणाला.

इंडियानाहून आलेला एक टकला गृहस्थ लाल होऊन पुढे आला. "माझ्या गाडीवर हा काळा होता! मूळचा! हॅस्केटसाहेब, मी तुम्हाला फोटो पाठवला होता, आणि तुम्ही म्हणालात, घाण आहे, खरवडून लाल करा. मी खरवडला!"

आता लॉइडकडे कुणी आदरानं पाहत नव्हतं. हालिनाला इथे थांबता आलं असतं. ती थांबली नाही.

"सांग ना लॉइड. कॅन्टीन कशाला काढलंस ते पण सांग. वही कुणाचीच नाही असं दाखवायचं होतं, म्हणून वहीवालीला वाढपी केलीस. अठ्ठावीस वर्षं साऱ्या देशाच्या गाड्यांवर माझ्या आईचं सूप सांडत बसलास, आणि ह्या लोकांचे गुण कापलेस."

हशा उसळला. तो मैदानभर गेला, आणि काय झालं ते पाहायला लांबून माणसं येऊ लागली. लॉइडनं आधारासाठी बाजूच्या गाडीच्या छपरावर हात टेकला.

"हात काढा," त्या गाडीचा मालक म्हणाला. परक्या गाडीला हात लावायचा नाही, हा नियम लॉइडनंच लिहिला होता.

त्यानं हात काढला.

हालिनाला दुसरा क्रमांक मिळाला. टोपणांचे सहा गुण गेले ते गेलेच, ठिपक्याचे पाच परत आले. संध्याकाळी ती गाडीत सामान भरत असताना लॉइड आला. टोपी हातात होती. तिला पहिल्यांदाच दिसलं की त्याचे केस पार विरळ झालेत.

"घरी येऊन सांगितलं असतंस तर मी दुरुस्त केलं असतं," तो म्हणाला.

"माहीत आहे. म्हणून आले नाही."

"मी बहात्तर वर्षांचा आहे, हालिना. माझ्याकडे हे एवढंच होतं."

"माझ्याकडेही तेवढंच होतं," ती म्हणाली आणि डिकी लावली.

क्लबच्या पुढच्या अंकात दोन ओळी आल्या, लॉइडच्या सहीनं: पुस्तकातली माहिती हालिना व्रूबेल, तपासनीस, बर्डिक असेंब्ली, यांच्या वहीतून घेतलेली आहे, त्या कॅन्टीनमध्ये नव्हत्या. त्याच पानावर त्याचा राजीनामाही होता. कॅन्टीनचा उल्लेख हवाच, असा हालिनानं प्रुइटबाईंपाशी हट्ट धरला होता. एल्मोरच्या ओसरीवर बसून तिनं ते दोनदा मोठ्यानं वाचलं, आणि दोघांनी त्यावर एकेक बियर घेतली.

मग डोरिनचा फोन आला. डोरिन दोघांची एकुलती एक मुलगी, शिकागोला असते.

"आई, बाबा घरातून बाहेर पडत नाहीत. लोक फोन करून शिव्या देतात. कुणी तरी लाल रंगाची डबी पोस्टानं पाठवली."

"मी नाही पाठवली."

"तू नाही पाठवलीस, पण तुला आनंद झाला ना?"

हालिनानं खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "झाला."

"मला कधी सांगितलं नाहीस, की तुला इतकं लागलंय."

"तेव्हा तू दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायचीस. काय सांगणार होते?"

मग डोरिन म्हणाली, "ह्या वर्षी मी कुणाकडेच येत नाही," आणि फोन ठेवला.

उन्हाळा गेला. अनोळखी लोकांचे फोन येत राहिले. मागच्या आसावर कुठली खूण, दरवाज्याच्या बिजागरीला रंग आधी की नंतर. हालिना खुर्ची ओढून तास तास सांगत बसायची. डोरिनचा फोन मात्र आला नाही. ऑक्टोबरात एका सकाळी आला. तिला आजीच्या हातच्या कोबीच्या भाजीत मशरूम आधी भिजवायचे का, एवढंच विचारायचं होतं. हालिनानं सांगितलं, रात्रभर भिजव आणि ते पाणी टाकू नकोस. डोरिन बरं म्हणाली. बाबांचं नाव तिनं काढलं नाही, आणि हालिनानंही विचारलं नाही.