लोणच्याच्या पुठ्ठ्यातला उंट

मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. हवी तर पैज लावा. माझ्या अंगावर एकशे चौऱ्याऐंशी पानं आहेत. हरलो तर वाटेल ती चार फाडून न्या. फक्त नवव्या प्रकरणातली नकोत.

तर मित्रांनो, मी आहे एक म्हातारं पुस्तक. आवाज बारीक वाटतोय ना? तो उसना आहे. कोणाचा, ते पुढे कळेल. आणि व्याकरणात मी 'ते पुस्तक' असलो, तरी बोलताना 'आलो', 'गेलो' असंच म्हणणार. समोर बसलेल्या आमच्या मराठीच्या बाई, कुसुमताई, यांनी उगाच भुवया उंचावू नयेत. ज्याला स्वतःचं नावच नक्की ठाऊक नाही, त्याने व्याकरण कुठे सांभाळत बसायचं?

हो, घोळ नावापासूनच आहे. माझ्या पुठ्ठ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलंय, 'घरगुती लोणची व मुरांबे'. खाली चिनी मातीच्या बरणीचं चित्र, बरणीच्या तोंडाला फडकं बांधलेलं. आणि आत? आत एक उंट आहे. तो समुद्रकाठच्या एका दीपगृहाचा जिना चढून वर गेलाय आणि आता त्याला खाली उतरता येत नाही. गोष्टीचं नाव 'दीपगृहातला उंट'. म्हणजे ते माझं नाव असायला हवं होतं. पण लोक हाक मारतात ती पुठ्ठ्यावरच्या नावाने. इतकी वर्षं ऐकून ऐकून कधी कधी मलाच वाटतं, आपण लोणचंच असू. चांगलं मुरलेलं.

हे झालं कसं, तेही ऐका. बुधवार पेठेत एका बोळात रावसाहेब नावाचे बाइंडर होते. त्यांना पुठ्ठ्याला चिकटवायची खळ लावता लावता गप्पा मारायची सवय. हात एकीकडे, जीभ दुसरीकडे. त्या दिवशी ते कोणाला तरी सांगत होते, की आपण लहानपणी मुठा नदी एका दमात पाण्याखालून पार केली आणि पलीकडे निघालो तेव्हा खिशात मासे होते. मासे किती, यावर वाद लागला. वादाच्या भरात हात शेजारच्या गठ्ठ्यावर गेला, आणि माझ्या अंगावर लोणच्यांचा पुठ्ठा बसला. माझा खरा पुठ्ठा गेला एका लोणच्यांच्या पुस्तकाला. ते म्हणे लोणी काळभोरच्या एका काकूंकडे पोचलं. त्यांनी उंटाचं चित्र बघून पुस्तक उघडलं आणि त्यात वाचून लिंबाचं लोणचं घातलं. ते लोणचं अकरा वर्षं टिकलं. बरणी रिकामी झाली की सकाळी पुन्हा भरलेली असायची. मी स्वतः पाहिलेलं नाही, पण मी खोटं कशाला बोलू?

मला मात्र कोणी टिकू दिलं नाही. दुकानात गोष्टींच्या गठ्ठ्यातच होतो, म्हणून न बघता बांधला गेलो आणि एका मुलाला वाढदिवसाला भेट म्हणून गेलो. त्याने बरणी पाहिली आणि भोकाड पसरलं. मग माझी रवानगी त्याच्या आईकडे, स्वयंपाकघरात. तिने कैरीचा छुंदा शोधायला मला उघडलं, तर उंट. मग माळ्यावर. माळ्यावर किती वर्षं होतो, हे मला सांगता येणार नाही, कारण तिथे एकच दिवस असतो आणि तो संपत नाही.

शेवटी कोणीतरी मला बिबवेवाडीतल्या या सोसायटीच्या वाचनालयात देऊन टाकलं. वाचनालय म्हणजे काय, पार्किंगच्या बाजूची एक खोली, चार कपाटं, एक पंखा आणि कुसुमताई. कुसुमताई पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या, असं त्या म्हणतात. निवृत्त झाल्यासारख्या दिसत मात्र नाहीत. दारावर त्यांनी पाटी लावलीय : 'पुस्तकावर चहाचे डाग पाडू नयेत. आमच्याकडे पुरेसे आहेत.'

त्यांनी मला पाककृतींच्या कपाटात, खालून पहिल्या फळीवर ठेवलं. महिन्याभरात चौथ्या मजल्यावरच्या वेणूबाई मला घेऊन गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी परत घेऊन आल्या.

"अहो कुसुमताई, यात उंट आहे."

"असू दे. मीठ बेताने घाला."

"चेष्टा नाही हो, खरंच उंट आहे. लोणचं कुठेच नाही."

"वेणूबाई, रजिस्टरमध्ये त्याचं नाव लोणचं आहे. रजिस्टर बदलायचं तर समितीची सभा बोलवावी लागेल. एका उंटासाठी तुम्ही सभेला येणार आहात का?"

वेणूबाईंनी विचार केला आणि मला गुपचूप फळीवर ठेवलं. मी तिथेच राहिलो. मुलं पाककृतींच्या कपाटाकडे फिरकत नाहीत आणि बायका उंट वाचत नाहीत. मग मी नक्की कोणासाठी आहे, हे मला कोणी सांगेना.

आता इथली एक रीत सांगतो. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक खिसा आहे. खिशात एक कार्ड. त्यावर तीन रकाने : तारीख, नाव, आणि तिसरा 'पुढच्याला दोन शब्द'. आपण पुस्तक वाचलं की जो ते पुढे वाचेल, त्याच्यासाठी काहीतरी लिहायचं. लिहिल्याशिवाय कुसुमताई दुसरं पुस्तक देत नाहीत. त्यातही काही महाभाग मोजून दोनच शब्द लिहितात. 'बरं आहे.' हे आमोदचं. आमोद म्हणजे बी विंगमधला, पुढे बसलेला हा चष्मेवाला. बत्तीस पुस्तकांवर त्याने 'बरं आहे' लिहिलंय. आणि दर रविवारी सकाळी सगळ्या मुलांनी इथे जमायचं आणि एकेकाने उभं राहून आपलं आवडतं पुस्तक इतरांना सांगायचं.

जूनमध्ये एक नवी मुलगी आली. प्रियदर्शनी. हिंगणघाटहून. वडिलांची नोकरी इकडे लागली म्हणून चौथीचा सगळा वर्ग मागे ठेवून आली. पहिल्या रविवारी ती आली तेव्हा बसायला जागा नव्हती, म्हणून पाककृतींच्या कपाटाला टेकून बसली. हात मागे गेला, हाताला मी लागलो. तिने पुठ्ठा पाहिलाच नाही, मधूनच उघडलं. मित्रांनो, बरणी न पाहता मला उघडणारी ती पहिलीच. तिने जे पान उघडलं, त्यावर उंट वर गॅलरीत उभा आहे आणि खाली जमलेले लोक ओरडून त्याला काहीतरी सांगतायत. पण ती त्यांची भाषा आहे, उंटाची नाही. तिने ते पान दोनदा वाचलं.

पुढच्या रविवारी ती मला घेऊन उभी राहिली. कुसुमताईंनी विचारलं, "पूर्ण वाचलंस?"

"हाव," ती म्हणाली.

हिंगणघाटला 'हो' म्हणायला 'हाव' म्हणतात. इथे कोणाला ते माहीत नव्हतं.

"कसली हाव? लोणच्याची?" आमोद म्हणाला.

खोली हसली. पंखासुद्धा हसला असं मला वाटलं, पण त्याचा आवाज तसाच आहे. प्रियदर्शनी खाली बसली आणि त्यानंतरच्या एकाही रविवारी उभी राहिली नाही. यायची, कपाटाला टेकून बसायची, मला वाचायची आणि जायची.

आणि इथूनच तो भाग सुरू होतो, ज्यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

माझं कार्ड भरायला लागलं. आधी तेजसचं नाव आलं : 'नववं प्रकरण एकट्याने वाचू नये. मी आजीला शेजारी बसवलं.' मग शंभू : 'मी वाचलं नाही, पण ज्यांनी वाचलं ते बरे दिसतात.' मग साईनाथ : 'उंटाचे गुडघे दुखतात ते खरं वाटतं.' मग ज्ञानदेव : 'लोणचं शेवटपर्यंत आलं नाही. तरी सोडवलं नाही.' मग दीपमाला : 'शेवट आवडला नाही म्हणून पुन्हा वाचलं, तेव्हा आवडला.' मग मुक्ताई, मग मैना, मग सत्यशीला. मधे मधे आणखी कितीतरी. एक कार्ड पुरेना, दुसरं स्टेपल केलं. अडतीस वाचक. काही तारखांना तर मी एकाच वेळी तिघांकडे होतो.

मला काही कळेना. वाचणाऱ्याचे हात पुस्तकाला आठवतात. कोणी थुंकी लावून पान उलटतं, कोणी कोपरा दुमडतं. अडतीस जणांनी वाचलं, मग मला एकाच हाताची आठवण का? लहान हात, करंगळीला शाई. मी स्वतःला समजावलं, वय झालं, विसरत असू.

खरं सांगायचं तर, दुसरा एक हात होता. एकदाच. गेल्या आठवड्यात कुसुमताई फोनवर बोलत असताना कोणीतरी मला टी-शर्टखाली घातलं आणि घरी नेलं. हाताला पेरूवरचं तिखटमीठ लागलेलं होतं. चौसष्टाव्या पानावर अजून आहे, चाटून बघा. तीन दिवसांनी मी फळीवर परत होतो. कार्डावर नाव नाही, काही नाही. कोण होता, ते मी सांगणार नाही. काही गोष्टी म्हाताऱ्या माणसाने पोटात ठेवायच्या असतात.

मग ही नोटीस लागली. सोसायटीला खोलीत पार्सलं ठेवायला कपाट हवंय. म्हणून ज्या पुस्तकाला वर्षभरात दोन वाचकही मिळाले नाहीत, ते रद्दीत. आज त्याचा रविवार. सोसायटीचे सेक्रेटरी श्रीनिवासराव ते बघा पोतं घेऊन बसलेत. पोत्यात आत्तापर्यंत सतरा जणं गेली. माझी पाळी आली तेव्हा श्रीनिवासराव कार्ड न बघताच म्हणाले, "हे लोणच्याचं घाला आत. लोणचं हल्ली कोण घालतंय."

तेव्हा प्रियदर्शनी उभी राहिली. जूननंतर पहिल्यांदा. तिने मला त्यांच्या हातातून घेतलं, उघडून आपल्या तोंडासमोर धरलं आणि तिच्या आवाजात मी बोलायला लागलो. आता बोलतोय मी की ती, हा माझाही गोंधळ आहे. गोष्ट माझी आहे, आवाज तिचा आहे, आणि रावसाहेबांच्या खिशातले मासे कोणाचे, ते दोघांनाही माहीत नाही. एक मात्र मला पक्कं कळतंय : मी पोत्यात गेलो, तर या खोलीत तिच्या ओळखीचं कोणी उरणार नाही.

तेव्हा मित्रांनो, शेवटचं सांगतो. पुस्तक पुठ्ठ्यावरून ओळखू नका, मधूनच उघडून बघा. पानांना मीठ लावू नका. आणि एखादं पुस्तक आवडलं तर ते एकट्याने आवडून घेऊ नका, शेजारच्याला सांगा. नुसतं 'बरं आहे' लिहून सुटू नका. हे मी उगाच सांगत नाही. माझं कार्ड बघा. एका उंटाला अडतीस वाचक मिळाले. अडतीस, श्रीनिवासराव. मोजून घ्या. एकेकाचं नाव, एकेकाची...

"खोटं आहे," आमोद म्हणाला.

तो उठून पुढे आला होता. माझ्या मागच्या खिशातून काढलेलं कार्ड त्याच्या हातात होतं.

"हे वाचक नाहीत, ही हजेरी आहे. आधी सगळी मुलं, मग सगळ्या मुली, बाराखडीच्या क्रमाने. हा बघा ज्ञानदेव, मुलांत शेवटी, ज्ञ म्हणून. माझं नाव आ वरून आहे, दर वर्षी मला पहिलं 'हजर' म्हणावं लागतं. मला हजेरी कळते."

कोणी हसलं नाही. मी प्रियदर्शनीच्या तोंडासमोरून खाली आलो. श्रीनिवासरावांनी पोत्याचं तोंड उघडलं. कुसुमताईंनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

"हिंगणघाटचा वर्ग का गं हा?" त्यांनी विचारलं.

प्रियदर्शनीने होकारार्थी मान हलवली. "ते असते तर त्यांनी असंच लिहिलं असतं," ती म्हणाली. "खरंच."

"म्हणजे वाचक एकच," श्रीनिवासराव म्हणाले.

"दोन," आमोद म्हणाला. त्याने कुसुमताईंच्या टेबलावरचं पेन घेतलं आणि सत्यशीलाच्या खाली, शेवटच्या ओळीत, आपलं नाव लिहिलं. तिसऱ्या रकान्यात तो बराच वेळ लिहीत होता. दोन शब्दांपेक्षा जास्त.

कुसुमताईंनी माझं चौसष्टावं पान उघडलं, डागावरून बोट फिरवलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

"तू? पूर्ण वाचलंस?"

आमोदने एकदा प्रियदर्शनीकडे पाहिलं.

"हाव," तो म्हणाला.