जिनिंगच्या दरवाजाचा बोजारा

मी एक जुना दरवाजा आहे. किती जुना, ते माझ्या गंजाला विचारा. अंगानं लोखंडी, दोन पल्ल्यांचा, आणि इतका रुंद की कापसानं भरलेली बंडी बैलांसकट सरळ आत जायची. दिग्रसच्या बाजूच्या आमच्या गावात, ऐन बाजारात, कापसातून सरकी काढायची एक जिनिंग होती. मी तिचा दरवाजा.

माझा डावा पल्ला जन्मापासून कुरकुरतो. लोहारानं बिजागरी जराशी तिरपी बसवली आणि "चालते" म्हणून निघून गेला. मित्रांनो, या "चालते"वर आपलं अर्धं गाव उभं आहे. मी तर साधा पल्ला.

हंगामात माझ्यापुढं बंड्यांची रांग लागायची. जिनिंगचे मालक पाहुण्यांना आधी मला दाखवायचे आणि मग मशीन. शाळा सुटली की पोट्टे माझ्यावर लटकून झोके घ्यायचे, चौकीदार काठी घेऊन धावायचा आणि मी कुरकुरून त्यांना आधीच खबर द्यायचो. ते दिवस फार मजेचे होते.

पुढं जिनिंग बंद पडली. मला कुलूप लागलं. आत बाभळी माजल्या, गावभरचा कचरा आला, कचऱ्यामागं डुकरं आली. गावाच्या मधोमध एवढी जागा आणि लोक नाकाला रुमाल लावून तिथून पळायचे. लेकरं क्रिकेट खेळायची ती रस्त्यावर. शाळा भरायची बसस्टँडमागच्या दोन खोल्यांत, आणि पाढे म्हणायचे ते एसटीच्या हॉर्नच्या तालावर.

शेवटी गावाला सुबुद्धी झाली. या जागेत बाग करायची, बागेतच शाळा बांधायची आणि पुढं मोकळं मैदान ठेवायचं, असं ठरलं. त्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाले नंदकिशोर. गाव त्यांना नंदूभाऊ म्हणते. माणूस मोठा मायाळू. रोपांना पाणी घालताना ते रोपांशी बोलायचे. त्यांना भीती एकाच गोष्टीची होती, जनावरांची.

"एवढा मोठा दरवाजा ठेवला तं साऱ्या गावचे बैल आत," ते म्हणाले. "झाडं तं खातीनच, झाडाच्या नावाच्या पाट्याबी चाटून टाकतीन!"

म्हणून मला उपटलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. माझी जागा अर्धी बांधून काढली आणि उरलेल्या फटीत एक गोल फिरणारं गेट बसवलं. लोखंडी दांड्यांचा पिंजराच तो. त्यात कप्पे, एका कप्प्यात एकच माणूस. गावानं त्याचं नाव ठेवलं चक्री. चक्रीची परीक्षा घ्यायला नंदूभाऊंनी खरा बैल आणवला. बैलानं चक्रीकडं पाहिलं, नंदूभाऊंकडं पाहिलं, शेपटी वर केली आणि आपलं मत तिथंच टाकून निघून गेला.

"पास!" नंदूभाऊ ओरडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेळीची परीक्षा मात्र कोणी घेतली नाही. दुसऱ्याच दिवशी एका शेळीनं डोक्यानं चक्री ढकलली, आत आली, जास्वंद खाल्ली आणि पुन्हा चक्री फिरवून घरी गेली.

बागेची राखण करणारी तानाबाई म्हणाली, "नंदूभाऊ, तुमची चक्री शेळीले लय आवडली. उद्या मैतरणी घेऊन येते म्हणे."

इकडं भंगारवाला भावसिंग मला ठोकून पाहून गेला. "माल पक्का हाये," तो म्हणाला. "तान्ह्या पोळ्याले येतो कटर घेऊन. तुकडे करून नेतो."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लेकरं चाकांचे लाकडी बैल सजवून आणतात, मोठ्यांना दाखवतात आणि बोजारा मागतात. पैसे, खाऊ, जे मागितलं ते. त्या दिवशी लेकरांना नाही म्हणायचं नसतं. यंदा हा पोळा पहिल्यांदाच आपल्या मैदानात भरणार होता, आणि नेमका तेव्हाच माझा शेवट.

तो दिवस उजाडला. लेकरांची रांग रस्त्यावर लागली. सर्वांत पुढं होती शाल्मली. तिच्या आजानं, सदाशिवरावांनी, तिच्यासाठी सागाचा बैल केला होता. नातीपेक्षा उंच! त्यांनी बैल चक्रीत ढकलला. नंदूभाऊ आतून समोरच्या कप्प्यात शिरले आणि ओढू लागले. चक्री अर्धी फिरली, बैलाची शिंगं दांड्यांत घुसली आणि सारं जाम झालं. आता बैल आतही नाही, बाहेरही नाही. नंदूभाऊंचंही तेच.

"सदाशिवराव, बैल मागं घ्या!"

"कसा घेऊ? शिंगं तं तुमच्याकडे हायेत!"

"मंग कापा न शिंगं!"

शाल्मलीनं असं भोकाड पसरलं की शिंगं कापायची गोष्ट तिथंच संपली. मागं यवतमाळची एसटी हॉर्न वाजवून राहिली होती आणि लेकरं तिच्यापुढं रस्त्यातच अडकली होती.

तानाबाई पिंजऱ्यापाशी आली. "बैल अडवाले बसवली होती न, भाऊ? अडवला पाहा बरोबर. संगं तुमालेबी ठेवून घेतलं."

लेकरांना तर पर्वणीच! बोजारा देणारा माणूस आणि पळायला जागा नाही. साऱ्यांनी सूर लावला:

"माहा बैल लाकडाचा, मागत नाही चारा,
नंदूभाऊ पिंजऱ्यात, आधी द्या बोजारा!"

"अरे, हात खिशात जात नाही, बाप्पा!" नंदूभाऊ घामाघूम झाले. "सुटलो की देतो!"

"पैसे नाई पायजे," शाल्मली डोळे पुसत म्हणाली. माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "आमाले तो मोठा दरवाजा पायजे."

नंदूभाऊंनी गजांतून माझ्याकडं पाहिलं. "पण जनावरं..."

"त्याचं माह्यावर सोडा," तानाबाई म्हणाली. "तो दरवाजा उघडला तं साऱ्या बाजाराले ऐकू जाते. शेळी काय चोरून येईन?"

एसटीनं पुन्हा हॉर्न दिला. नंदूभाऊंनी रस्त्यावरच्या लेकरांकडं पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "जा! देल्ला बोजारा!"

तेवढ्यात भावसिंग कटर घेऊन माझ्याकडं निघाला होता.

"ओ भावसिंग! तिकडे काहून जाऊन राह्यला? इकडे ये, हे काप! आन मले वाचवून काप!"

चक्रीचे तुकडे भावसिंगच्या हातगाडीत गेले. लाकडी बैल गडगडत मैदानात गेले आणि नंदूभाऊ सर्वांत मागून, झाडांना सांभाळा, झाडांना सांभाळा, म्हणत गेले. नंतर नवी भिंत पाडून मला जुन्या जागी उभं केलं.

आता बागेतल्या नव्या शाळेतले पाढे मला स्पष्ट ऐकू येतात. पोट्टे पुन्हा माझ्यावर लटकतात. तर मित्रांनो, एवढंच सांगणं आहे. बागेत आलात की मला मागं लोटून घ्या. पावसाळ्याआधी रंगाचा एक हात द्या. बिजागऱ्यांत तेल घाला, पण डाव्या पल्ल्याला जरा कमीच. माझी कुरकुर सारी गेली, तर शेळी कधी आली ते तानाबाईला कळायचं कसं?