रवा

पाय किती माणसांनी धरायचे, याचा भीमराजमामांचा हिशेब पक्का होता. पाच वर्षांच्या पोराला दोघं, सातच्याला तिघं, आणि पोर मालवणी असेल तर चौघं. मुलुंडच्या त्या इस्पितळात भाजलेल्या मुलांच्या पट्ट्या बदलताना हे काम अकरा वर्षं त्यांच्याकडे होतं. त्यांना स्वतःच्या पकडीचं जरा जास्तच कौतुक होतं.

सहा वर्षांच्या रतनला चौघंही पुरत नव्हते. गावाहून कांजूरमार्गला येऊन तिला महिनाही झाला नव्हता, तोच उकळती पेज मांडीवर सांडली. पट्टीला हात लागला की ती किंचाळायची, "रवा! रवा!" डॉक्टर श्यामकांत तसे मायाळू. पोरीला शिरा हवासा दिसतो, म्हणून त्यांनी स्वयंपाकघरात सांगून ठेवलं. रोज पट्टी झाली की वाटी यायची आणि रतन भिंतीकडे तोंड करायची. एवढं तूप सोडलेला शिरा नाकारणारी पोर मामांनी पाहिली नव्हती. शेवटी वाटी मामाच संपवायचे.

नवव्या दिवशी शेवंती सिस्टर अडून बसली. पोरगी आता पाय सरळच करेना. गुडघा आखडला तर जन्माची लंगडी.

"आज कुणी धरायचं नाही. आणि तिची आई आत बसेल."

"आया आत आल्या की दोघी रडतात," डॉक्टर म्हणाले.

"रडू देत."

"वीस मिनिटं देतो. नंतर भीमराज."

मामांनी बाह्या वर करूनच ठेवल्या.

विमला, रतनची आई, उशाशी बसली. "काय्येक दुखाचा नाय हां, बाय."

"असं नका सांगू," शेवंती म्हणाली. "रतन, दुखणार आहे. कोमट पाण्याने भिजवलं की कमी दुखेल, पण दुखेल."

रतनने प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. पट्टी भिजली. शेवंतीने टोक उचललं आणि—

"रवा!"

"मिळेल, मिळेल," डॉक्टर म्हणाले. "झालं की शिरा."

विमला गोंधळली. "शिरो? शिरो कशाक? ता रवा म्हणता. थांबा म्हणता तुमका."

शेवंतीचा हात थांबला. चौघांनी दाबून धरलेली पोर आठ दिवस, चांगलं अहोजाहो करून, थांबा म्हणत होती. आणि त्यांनी तिच्यापुढे वाटी सरकवली होती.

डॉक्टरांनी चष्मा पुसायला काढला.

"ऐक गं," शेवंती म्हणाली. "तू रवा म्हटलंस की मी थांबणार. तू चला म्हटलंस की पुढे. कबूल?"

रतन मालवणीच, लगेच विश्वास कसला ठेवते! पट्टीला हात लागायच्या आतच तिने तीनदा "रवा" म्हणून पाहिलं. शेवंती तिन्ही वेळा थांबली. सहा मिनिटं गेली.

"फसवतेय तुम्हाला, सिस्टर," मामा घड्याळाकडे बघत म्हणाले.

"फसवू दे ना. आपण काय कमी फसवलं?"

चौथ्यांदा रतन म्हणाली, "चला." मग तिने स्वतःच टोक धरलं. चूल फुंकतात तसं गाल फुगवून जखमेवर फुंकर घातली आणि बोटभर पट्टी ओढली. पुन्हा पाणी. पुन्हा फुंकर. डोळ्यांतून धारा, पण ओरडणं नाही. विसावं मिनिट उलटलं तेव्हा गुडघ्याजवळचा चिकटलेला एक तुकडा तेवढा राहिला.

डॉक्टरांनी चिमटा उचलला. "एवढंच तर आहे."

"रवा!"

या वेळी किंकाळी नव्हती, सरळ हुकूम होता. शेवंतीने डॉक्टरांकडे पाहिलं आणि ती जागची हलली नाही. डॉक्टरांचा चिमटा हवेतच राहिला. मामांचा एक पाय नेहमीच्या सवयीने पुढे आला होता, तो मागे गेला.

रतनने दोनदा फुंकर घातली. दात आवळले. पाय हळूहळू, अगदी सरळ केला.

"चला."

तुकडा निघाला.

"उद्यापासून किती वेळ धरायचा, सिस्टर?" डॉक्टरांनी विचारलं.

"ती सांगेल तेवढा."

"आणि मी काय धरू?" मामा आपले मोकळे पंजे बघत म्हणाले.

"कोमट पाण्याचं भांडं धरा, मामा. गार होऊ देऊ नका."

शिऱ्याची वाटी आली. मामांनी सवयीने हात पुढे केला.

"रवा," रतन म्हणाली, आणि वाटी स्वतःकडे ओढली.