हेडमास्तरांची गाजरं

थंडी पडू लागताच निवृत्त हेडमास्तरांनी परसात गाजराचं बी पेरलं. पंधरा-वीस दिवसांत दोन तऱ्हेची रोपं वर आली. एक केसासारखी किडमिडीत, दुसरी चांगली धष्टपुष्ट. "किडमिडं ते तण," असा निकाल देऊन त्यांनी ते मुळासकट उपटून टाकलं. शाळेत पोरांचे निकालही ते असेच लावायचे. उरलेल्या रोपांना ते रोज झारीने पाणी घालत, पहाटेच्या गारठ्यात त्यांच्यावर स्वतःची शाल पांघरवत आणि कुंपणापलीकडून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून शेतीवर व्याख्यान झोडत.

अडीच महिन्यांनी रोपं कमरेला लागली. हेडमास्तरांनी बायकोला टोपली घेऊन बोलावलं, बाह्या सावरल्या आणि पहिलं रोप ओढलं. खाली सुतळीएवढं मूळ. दुसऱ्याखाली तेच, दहाव्याखालीही तेच.

"अगं, हे तर तण आहे!"

"हो. गाजरं तुम्ही कधीच उपटलीत."

"तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"बोलणार होते हो. पण तुम्ही रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच, कांदा कसा चिरायचा हे मला कुणी शिकवत नव्हतं."

हेडमास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. बायको आत गेली आणि एक पुडी आणून तिने त्यांच्या मातीने माखलेल्या हातावर ठेवली.

"भोपळ्याच्या बिया आहेत. त्याला चांगले चार महिने लागतात."