देवाजींच्या झोळ्यातला बुटका कीबोर्ड

मी एक बुटका कीबोर्ड आहे. म्हातारा म्हणावं तर वय फार नाही, पण माझ्या निम्म्या बटणांवरची अक्षरं पुसून गेली आहेत आणि मला त्याचा भारी गर्व आहे. मित्रांनो, नवं कोरं राहण्यात कसली आली फुशारकी? दुकानाच्या काचेमागे मीही वर्षभर नवा कोराच होतो, आणि तेव्हा मला कुत्रं विचारत नव्हतं.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. माझ्या प्रत्येक बटणाखाली वेगळी स्प्रिंग बसवली, त्यामुळे बटण दाबलं की खटकन आवाज होतो. तार मला नाही. पोटात बॅटरी आहे आणि मी लॅपटॉपशीही जोडला जातो, मोबाईलशीही. अंगानं मी एवढासा, भाकरीच्या डब्याशेजारी झोळ्यात मावणारा. तिथून मी गोंदियाला छोटेलाल शेठच्या दुकानात आलो. गिऱ्हाईक यायचं, मला उचलायचं, उजवीकडचा आकड्यांचा भाग नाही म्हणून नाक मुरडायचं आणि परत ठेवून द्यायचं. छोटेलालनंही हात टेकले होते. त्यानं मला सगळ्यात खालच्या फळीवर सरकवून दिलं.

अशात एके दिवशी अल्का तिच्या बाबांना घेऊन दुकानात आली. अल्का एका शाळेच्या संगणक कक्षात कामाला होती. तिचे बाबा देवाजी दवनीवाड्याचे. कचेरीच्या फाटकाशी टेबल टाकून तीस वर्षं त्यांनी लोकांचे अर्ज टाइपरायटरवर टाइप केले होते. आता कचेरीत संगणकावर छापलेलाच अर्ज घ्यायचे. अल्कानं आपला लॅपटॉप देऊन पाहिला, पण त्याच्या चपट्या बटणांवर देवाजींची बोटं चालेनात. कुठलं दाबलं, कुठलं नाही, काही कळायचं नाही. चुकांवर चुका. लोक समोरच्या इंद्रकुमारच्या ऑनलाइन सेंटरला जाऊ लागले. या दिवाळीला टेबल उचलून घरी बसायचं, असं देवाजींनी ठरवून टाकलं होतं, आणि पोरीला ते मुळीच मान्य नव्हतं.

छोटेलालनं आधी मोठे कीबोर्ड पुढे केले. "अंकल, ये बड़ा वाला लीजिए. लाइट भी जलती है, आवाज भी नहीं करता."

देवाजींनी डोळे मिटले आणि त्यावर बोटं चालवली. त्यांच्या रोजच्या पाठातला मजकूर होता, 'महोदय, सविनय सादर'. दोन शब्दांत थांबले. म्हणाले, "हा मुका हाये. मले कसं समजन, उमटलं का नाई ते?"

दुसरा घेतला, तिसरा घेतला. कुणाचं बटण खोल जायचं, कुणाचं गुळगुळीत. मग अल्कानं खाली वाकून मला बाहेर काढलं आणि माझ्यावरची धूळ ओढणीनं पुसली. देवाजींनी पुन्हा डोळे मिटले. खट खट खट खट. मित्रांनो, काय हात होता तो. इतकी वर्षं लोखंडी टाइपरायटर बडवलेला हात, पण एक ठोका कमी नाही की जास्त नाही. सगळा मजकूर संपेपर्यंत ते थांबलेच नाहीत.

"अंकल, इसमें नंबर वाला साइड नहीं है," छोटेलालनं बजावलं. "और अक्षर भी सब अंग्रेजी के हैं."

"माह्या टाइपरायटरले तरी कुठं होता तो साइड?" देवाजी म्हणाले. "आन् अक्षरं पाहून कोन टाइप करते गा? अल्का, हाच घे."

त्या दिवशी मी जिंकलो. आकडे नसलेला, वर्षभर नाकारलेला मी, आणि मला निवडलं ते डोळे मिटून.

सुरुवातीचे दिवस मात्र माझे हालाचे गेले. टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजते, मग डाव्या हातानं दांडा सरकवून नवी ओळ सुरू करायची असते. देवाजींच्या डोक्यात ती घंटी अजून वाजायची. ठराविक ठोके झाले की त्यांचा डावा हात आपोआप उठायचा, नसलेला दांडा ढकलायचा, आणि मी हलका गडी सरळ टेबलावरून खाली. दिवसातून तीनदा पडलो तेव्हा अल्कानं त्यांना समजावलं. "बाबा, हात नका उचलू. ओळ झाली की हे एंटरचं बटन दाबा." देवाजींनी तेवढं ऐकलं. प्रत्येक ओळीला एंटर. लॅपटॉपवर कागदाची रुंदीही अल्कानं त्यांच्या सवयीप्रमाणे लावून दिली होती, म्हणून ते खपून गेलं. पण लोक एकदा तुटले की लवकर परतत नाहीत. टेबलाशी दिवसात दोन-तीन माणसं यायची, आणि दिवाळी जवळ येत होती.

मग एके सकाळी सुशिलाबाई आल्या. नवेगाव बांधाच्या अलीकडच्या एका गावात बायकांचा मासेमारीचा गट होता, त्याच्या त्या अध्यक्षा. गावच्या जुन्या तलावात माजलेली बेशरमची रानटी झाडं या बायकांनी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून उपटली होती, गावरान मासा परत आणला होता. आता तोच तलाव लिलावात बाहेरच्या ठेकेदाराला जाणार होता. तलाव आम्हीच साफ केला, असे बायकांनी हातानं लिहून दिलेले जबाब वाचता येत नाहीत म्हणून परत आले होते. आज कचेरीतल्या चौकशी अधिकारी मॅडम स्वतः तलावावर येऊन बारा जणींचे जबाब टाइप करून घेणार होत्या. लिलाव दुसऱ्याच दिवशी होता. टायपिंगचं काम गटानं इंद्रकुमारला दिलं होतं.

"पोरगा हाये तो, हुशार हाये," सुशिलाबाई म्हणाल्या. "पन तुमी बी चला, भाऊ. संगं जानता मानूस असला म्हंजे बरं असते."

काम आपलं नव्हतं म्हणून देवाजींनी लॅपटॉप मागेच ठेवला, पण सवयीनं मला झोळ्यात टाकलं; घरून निघताना बायकोनं, अंजनाबाईंनी, दिलेला डबा माझ्याशेजारी होताच. आम्ही निघालो.

तलावाच्या पाळीवर खुर्च्या मांडल्या होत्या. मॅडमच्या गाडीत बॅटरीवर चालणारा छोटा प्रिंटर होता. इंद्रकुमारनं झपाझप तीन जबाब टाइप केले. चौथीच्या वेळी बाई बोलता बोलता म्हणाली, तिकडची झाडं आम्हीच काढली, या दाखवते. इंद्रकुमार लॅपटॉप हातात घेऊनच उठला, ओल्या मातीवरून त्याचा पाय घसरला आणि लॅपटॉप बुडुक करून पाण्यात. म्हाताऱ्या मंगरू ढिवरानं जाळं टाकून तो वर काढला. "असा मासा जिंदगीत नाई गावला," तो म्हणाला. पण कुणी हसलं नाही. तीन जबाब तलावात गेले होते आणि दीड वाजला होता.

मॅडम म्हणाल्या, "मला पाचला निघावंच लागेल. बारा जबाब झाले तरच लिलाव थांबेल. अर्धे मला चालत नाहीत."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. सुशिलाबाईंचा चेहरा उतरला. तेव्हा देवाजींनी झोळ्यात हात घातला आणि मला बाहेर काढलं. डब्याला टेकवून मोबाईल उभा केला, मला मांडीवर घेतलं. "बोला बाई," ते म्हणाले. "जसं बोलता तसंच बोला."

दोन जबाब झाले. मी खटखट करत होतो, बायका टक लावून पाहत होत्या. माझी छाती फुगली होती. मग प्रिंटरमधून कागद आला आणि मॅडमच्या कपाळावर आठी पडली. एक ओळ लांब, तिच्याखाली दोनच शब्द, मग पुन्हा लांब. मोबाईलवर कागदाची रुंदी वेगळी होती आणि देवाजी सवयीनं प्रत्येक ओळीला एंटर दाबत गेले होते. मध्ये मोकळ्या जागाच जागा.

"काका, जबाबात अशी मोकळी जागा चालत नाही," मॅडम म्हणाल्या. "उद्या त्यात कुणी दोन शब्द घुसवले, तर या बायकाच अडकतील."

त्यांचं बरोबर होतं. देवाजींनी एंटर काढून दोन्ही जबाब नीट केले आणि तिसरा घेतला. तीन ओळी होतात न होतात तोच बोट पुन्हा एंटरवर. पुसलं. पुन्हा तेच. इंद्रकुमार हळूच म्हणाला, "काका, जाऊ द्या. तारीख वाढवून मागू."

"तारीख कायले?" देवाजी म्हणाले. "सवय माही हाये, भोगन मीच."

आणि त्यांनी अंगठ्याचं नख घालून माझं एंटरचं बटण सरळ उपटलं. मित्रांनो, क्षणभर मी हबकलोच. माझ्या जातीच्या कीबोर्डांची बटणं निघतात हे मला ठाऊक होतं, पण भर कामात कुणी दात उपटेल असं वाटलं नव्हतं. देवाजींनी ते बटण खिशात टाकलं. आता बोट सवयीनं तिकडे गेलं की खड्ड्याशी अडखळायचं आणि मागे फिरायचं. दोन-चारदा अडखळलं. मग अडखळेनासं झालं.

त्यानंतर आम्ही जे सुटलो ते सुटलो. बाई बोलायची आणि शब्द उमटायचा. कोण बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी पाण्यात उतरली होती, कुणाच्या पायाला काच लागली होती, पहिली मरळ कुणाच्या जाळ्यात आली. देवाजींनी एक शब्द गाळला नाही, एक शब्द पदरचा घातला नाही. जबाब संपला की पेनाच्या टोकानं एंटर टोचायचा आणि पुढचीला बोलवायचं. इंद्रकुमार गाडीपर्यंत धावत जाऊन कागद आणू लागला. पाचला सात मिनिटं कमी असताना बारावा कागद बाहेर पडला.

नियमाप्रमाणे मॅडम प्रत्येक जबाब छापून येताच वाचून दाखवत, सही घेत आल्या होत्या; शेवटचा सुशिलाबाईंचा राहिला होता. सुशिलाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "हे त माह्या तोंडचंच हाये." मग त्यांनी सावकाश, एकेक अक्षर काढून सही केली.

मॅडमनी सगळे कागद चाळले. "काका, टाइप करणाऱ्याचं नाव राहिलं की," त्या म्हणाल्या. "वेगळ्या कागदावर घाला, सोबत जोडते."

देवाजी थांबले. हजारो अर्जांखाली त्यांनी हजारो लोकांची नावं टाइप केली होती, स्वतःचं कधीच नाही. त्यांनी मला मांडीवर नीट घेतलं आणि सावकाश टाइप केलं: टंकलेखक, देवाजी, राहणार दवनीवाडा. माझ्यावर पडलेल्या सगळ्या ठोक्यांत तेवढेच ठोके हळू होते.

दुसऱ्या दिवशीचा लिलाव थांबला आणि पुढच्या महिन्यात तलाव बायकांच्या गटाला मिळाला. दिवाळी आली आणि गेली, देवाजींचं टेबल हललं नाही. आता मॅडम कुठंही पाहणीला निघाल्या की आम्हाला बोलावणं येतं. मोठा अर्ज आला की खुद्द इंद्रकुमार सांगतो, फाटकापाशी काकांकडे जा. सकाळी टेबलापाशी रांग असते आणि माझा खडखडाट रस्त्यापलीकडे ऐकू जातो.

मित्रांनो, मला धुळीपासून जपा, चहा सांडू नका, वेळेवर चार्ज करा, हे मी मागणारच, तो माझा हक्क आहे. पण त्याहून मोठं एक मागणं आहे. तुमच्या घरात, गल्लीत, कचेरीच्या फाटकाशी कुणी जुना माणूस असेल, ज्याचा हात आता चालत नाही असं सगळे म्हणतात. त्याला घरी बसवू नका. त्याला दुकानात घेऊन जा, दहा वस्तू त्याच्या हातात द्या, आणि त्याला डोळे मिटून निवडू द्या.