फाटक वाजलं तिथे

मोबाइल समोर ठेवून वाचायला बसेपर्यंत आमच्या घरात किती आवाज आहेत याचा मला पत्ताच नव्हता. फ्रीज गुरगुरतो. पंखा कुरकुरतो. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मी लग्न झाल्यापासून कधी ऐकली नव्हती, ती रेकॉर्डिंगमध्ये शेजारी सुतारकाम चालू असल्यासारखी ऐकू आली. आणि माझं पोट! त्याला तर काही धरबंधच नाही.

दृष्टिहीनांच्या बोलक्या ग्रंथालयासाठी पुस्तक वाचून द्यायचं मी ठरवलं, ते काही समाजसेवेची उबळ आली म्हणून नव्हे. माझे सासरे, नाना, छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा त्यांना पगार मिळायचा, आणि निवृत्त झाल्यावर तेच काम त्यांनी घरी फुकट चालू ठेवलं. मग त्यांची नजर गेली आणि हातातली एक जाडजूड कादंबरी अर्ध्यावर राहिली. मी म्हटलं, मी वाचून दाखवते. दुसऱ्याच पानावर ते म्हणाले, "घाई करतेस. स्वल्पविराम गिळतेस. राहू दे."

राहू दिलं, पण ते मनातून जाईना. तीच कादंबरी ग्रंथालय घरी देतं त्या यंत्रातून माझ्या आवाजात आली, तर त्यांना मधे टोकता येणार नव्हतं. मुकाट्याने शेवटपर्यंत ऐकतील आणि एकदा तरी म्हणतील, बरं वाचलंस. मला तेवढंच हवं होतं.

या ग्रंथालयासाठी नव्या वाचकांची रेकॉर्डिंग तपासायचं काम माझी धाकटी नणंद करते. पन्नाशी उलटली तरी घरात ती अजून बेबीच आहे. राहते दुसऱ्या गावात. आपण वाचलेलं आधी तिच्याकडे पाठवायचं, तिने हो म्हटलं की ते पुढे ग्रंथालयात जातं. घरचंच माणूस म्हणून मी अगदी निर्धास्त होते.

"वहिनी, आवाज छान लागलाय गं," तिचा फोन आला, "पण मागे खरखर येतेय."

झालं, मी खरखरीच्या मागे हात धुऊन लागले. वाचताना फ्रीज बंद करायचे. तो परत चालू करायची आठवण राहावी म्हणून घराच्या किल्ल्या आत भाजीवर ठेवायचे, म्हणजे बाहेर पडताना तो उघडावाच लागायचा. घड्याळाचा सेल काढला. बांगड्या काढल्या. पोट गप्प बसावं म्हणून आधी दोन केळी खायची. पान उलटताना ओठ मिटायचे, पान हवेत उचलायचं, खाली टेकवायचं, मगच पुढचा शब्द. शेवटी भिंतीतलं कपड्यांचं मोठं कपाट रिकामं केलं, आतून रजया टांगल्या, एक स्टूल टाकलं आणि दार लावून घेतलं. आत जीव उकडून निघायचा. आमचे हे म्हणायचे, "अगं, बाहेर ये, नाहीतर इस्त्री होईल तुझी."

कपाटापलीकडे नानांची खोली. ते दुपारी जेवून झोपतात, म्हणून मी तीच वेळ धरली.

एकच आवाज हाताबाहेरचा होता. शेजारच्यांचं लोखंडी फाटक. ते दुपारी घरी आले की असं काही आपटायचे की रजयाही हादरायच्या. असा आवाज आला की थांबायचं आणि अख्खं वाक्य पुन्हा वाचायचं, हे बेबीनेच शिकवलं होतं. पण एका ठिकाणी मी आळस केला. कादंबरीतला नवरा घर सोडून निघतो आणि म्हणतो, "मी येईन, पण तू वाट बघू नकोस." "पण तू" म्हटलं आणि फाटक वाजलं. तो दणका विरेपर्यंत मी थांबले आणि राहिलेलं वाक्य पुरं केलं. नंतर मोबाइलवर तेवढा दणका पुसला, पण मधली रिकामी जागा कापायची विसरले. नवशिक्यांचं असंच होतं.

बेबी प्रत्येक वेळी म्हणायची, "खरखर आहेच गं. तू पुढचं पाठवत राहा, मी साफ करून बघते." मी पाठवत राहिले. पहिले अध्याय तर तिच्या सांगण्यावरून पुन्हा पुन्हा वाचले. पुस्तक संपल्यावर तिने सांगितलं, "नाही गं निघत. ग्रंथालय घेणार नाही. एखादं छोटं पुस्तक घे ना आता." मी त्या रजयांत तोंड खुपसून रडले. दोष मी माझ्या घराला दिला.

पुढे नानांना ग्रंथालयाकडून नवं पुस्तक आलं. तीच कादंबरी. सुरुवातीला वाचणाऱ्याचं नाव सांगतात, ते बेबीचं आलं, अगदी पूर्ण, लग्नानंतरचं. नाना उठून बसले. "माझी लेक!" त्यांचा चेहरा फुलला. मी मनात म्हटलं, असेल बाई, तिलाही हौस.

आवाज बेबीचाच होता, पण ऐकता ऐकता कळलं, वाचन माझं आहे. म्हातारीच्या बोलण्याला मी दिलेला नाकातला सूर तिथे होता. भांडणात मी आवाज चढवायच्या ऐवजी खाली आणला होता, तसाच तो तिथेही खाली येत होता. मग ते वाक्य आलं. "मी येईन, पण तू..." आणि बेबी थांबली. मी थांबले होते तेवढीच थांबली. "...वाट बघू नकोस."

तिच्याकडे कुठलं आलंय फाटक?

मी ग्रंथालयात फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, "तुमचं नाव आमच्याकडे नाहीच. तुमचं काहीच आलेलं नाही." मग बेबीला लावला. आधी कानावर हात, मग रडारड.

"तू चोवीस तास त्यांच्याजवळ असतेस वहिनी. मला काय मिळतं नानांचं? आवाज तरी असू दे ना माझा त्यांच्या कानात."

"आवाज तुझा, आणि बाकी सगळं कुणाचं?" मी विचारलं. तिने फोन ठेवला.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "जाऊ दे ना. शेवटी घरातच राहिलं." जे गेलं ते माझं होतं, म्हणून घरातच राहिलं! मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाना पुन्हा तोच भाग ऐकत होते. "सूनबाई, इकडे ये. इथे ऐक कशी थांबते ती. असं थांबायला अक्कल लागते." माझा बांध फुटला.

"नाना, ती अक्कल नाही, शेजारचं फाटक आहे!" मी सगळं सांगून टाकलं. कपाट, केळी, किल्ल्या, सगळं.

त्यांनी यंत्र बंद केलं.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "तुझ्या कपाटाची भिंत माझ्या उशाशी आहे. अख्खी कादंबरी मी तिथूनच ऐकली. फाटकही ऐकलं. पहिला अध्याय तर पाठ झालाय."

बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून मी जिवाचा आटापिटा केला होता. माझा बाहेर जात असेल हे कधी डोक्यातच आलं नाही.

"मग मगाशी कौतुक कुणाचं केलंत?"

"रोज फोन करते ती. विचारते, नाना, कसं झालंय? ऐकल्यावाचून काय सांगू? लेक आहे ती माझी."

"आणि मी?"

त्यांनी दाराकडे कान दिला, कोणी येत नाही ना याची खात्री केली आणि हळूच म्हणाले, "बरं वाचलंस. तिच्याहून बरं. पण तिला कळू देऊ नकोस."

मला हवं होतं ते वाक्य मिळालं. असं, दबक्या आवाजात, चोरीचा माल हातात सरकवावा तसं. मी उठले, जाऊन पंखा लावला आणि घड्याळाचा काढून ठेवलेला सेल परत घातला.

त्या ग्रंथालयातल्या बाईंनी मला वाचायला थेट एक पुस्तक पाठवलं. दुपारी ते घेऊन मी कपाटात बसले. दार लावलं. पलीकडे पलंग करकरला. नाना भिंतीकडे सरकले असावेत. मग भिंतीवर बोटाने टकटक झाली. मी पहिलं पान उघडलं, श्वास घेतला आणि तेवढ्यात शेजारचं फाटक आपटलं. मी थांबले. दणका विरला, रजया हलायच्या थांबल्या, पलीकडून पुन्हा टकटक आली. तरी मी थांबलेच. जरा वाट बघू दे त्यांनाही.