अर्ध्या कुत्र्याचे पूर्ण दात

मी एक कुत्रा बोलतोय. आता जे सांगणार आहे ते अक्षरन्अक्षर खरं आहे, आईशपथ. आई कोण होती ते मला आठवत नाही, तेव्हा या शपथेला किती वजन द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

माझे मागचे दोन पाय एका ट्रकशी झालेल्या मारामारीत गेले. मी त्याचं चाक धरलं, त्यानं माझी कंबर धरली. आधी कोण सोडतो ते बघायला गल्ली जमली होती. तो ट्रक अजून लंगडतो म्हणतात.

बरं, ट्रक नव्हता, सामान पोचवणारा टेंपो होता. आणि तो उभाच होता. मी त्याच्या सावलीत झोपलो होतो, ड्रायव्हरनं मागं न बघता गाडी मागं घेतली. पण मारामारी झाली असती तर मीच जिंकलो असतो, एवढं तरी खरं धरा.

मला प्राण्यांच्या शेल्टरमध्ये नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या मागच्या पंजाला चिमटा काढला. मला काही कळलं नाही. पुढच्या पंजाला काढला, तेव्हा मी त्यांना कळवलं. त्या हात धुवायला धावल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "हा जगणार."

जगलो. माझा गाळा रांगेत शेवटचा, स्वयंपाकघराला लागून. जाणाऱ्या-येणाऱ्यांचे घोटे पकडायची मला सवय, म्हणून दाराला खालून फळी ठोकलेली. त्या फळीवर पुढचे पंजे टेकवून मी उभा राहिलो की बाहेरून फक्त डोकं आणि छाती दिसायची. आवाज म्हणाल तर पायांत जायची ती सगळी ताकद माझ्या घशात जाऊन बसली होती. मी भुंकलो की स्वयंपाकघरातली झाकणं वाजायची.

सुट्टीच्या दिवशी माणसं कुत्रं न्यायला यायची. कलिंगड घ्यायला आल्यासारखी टिचक्या मारून बघायची. माझ्यापाशी आली की मान तिरकी करून म्हणायची, "आई गं, बिच्चारा!" हा शब्द कानावर पडला की माझे दात आपोआप बाहेर येतात. एकानं मला मांडीवर घेऊन फोटो काढला, खाली 'माझा छोटा योद्धा' असं लिहिलं म्हणे, आणि मला परत गाळ्यात ठेवून पिल्लू घेऊन घरी गेला. त्याच्या पुढच्या सगळ्या फोटोंत अंगठ्याला पट्टी आहे. ती कशामुळं, ते मात्र त्यानं लिहिलेलं नाही.

माझं काही अडलं नव्हतं. शेजारी स्वयंपाकघर, समोर भुंकायला माणसं. कुणी मला नेऊ नये एवढंच मागणं होतं.

आणि मग बाई आली.

चेहरा असा, की दुधाकडं बघितलं तर दूध नासावं. हाताची बोटं सुयांनी भोसकलेली. शेल्टर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे दादा म्हणत. तो हसत पुढं आला, "या ताई, कसा कुत्रा हवाय?"

"चावणारा आहे का एखादा?"

दादाचं हसू अर्ध्यावर राहिलं. "ताई, लोक न चावणारा मागतात."

"मग लोकांना तो द्या. मला चावणारा दाखवा."

दादानं तरी तिला एक पिल्लू दाखवलंच. पिल्लानं तिची चप्पल चाटली. "हा तर आलेल्याला पाणी नेऊन देईल," ती म्हणाली आणि जायला वळली.

त्या दिवशी माझं जेवण लांबलं होतं, म्हणून मी स्वयंपाकघराला चार शब्द सुनावले. बाई थबकली. मान वळवून तिनं फळीवरचं माझं डोकं पाहिलं.

"हा."

"तो होय... त्याचं कसंय ताई, त्याचं मागच्या बाजूनं जरा—"

"मागचं मला काय करायचंय? पुढून भुंकतो ना?"

दादानं माझ्या पोटाखालून टॉवेल घातला आणि मला बाहेर काढलं. माझे मागचे पाय ओल्या फडक्यासारखे घसटत आले. बाई बघतच राहिली.

"अहो, हा अर्धाच आहे!"

"तेच सांगत होतो ताई."

ती नीट बघायला वाकली. मी तिच्या अंगठ्याशेजारचं मांस पकडलं. दादा ओरडला, ती ओरडली नाही. हात सोडवून घेतला, उजेडात धरला, खुणा निरखल्या.

"दात मात्र पूर्ण आहेत," ती म्हणाली. "कशात घालून नेऊ?"

मी चावलो होतो तो नकार म्हणून. पण ज्यांना ऐकायचंच नसतं त्यांच्यापुढं दातही थकतात.

बाईचं बॅगा दुरुस्तीचं दुकान. पुढं दुकान, मागं राहायची खोली. भिंतीवर पट्टे लटकलेले, डब्यांत चेनचे रनर, कोपऱ्यात मोडक्या ट्रॉलीबॅगांची चाकं, आणि सगळीकडं चिकटवायच्या सोल्युशनचा वास. माझ्या नाकाला तो वास म्हणजे रोज उठून थोबाडीत.

तिला चावणारा कशाला हवा होता ते मला लवकरच कळलं. नवरा गेल्यावर दुकान तिच्या नावावर झालं होतं आणि ते तिच्या दिराच्या डोळ्यांत खुपत होतं. दिराचं चष्म्याचं दुकान. माणूस गोड, इतका गोड की मुंग्या लागाव्यात. यायचा, खुर्ची ओढायचा, पाय पसरून बसायचा. "वहिनी, किती दिवस सुया टोचून घेणार? आमच्याकडं वरची खोली रिकामी आहे. या, आराम करा. दुकानाचं मी बघतो."

बाई "बघू" म्हणायची आणि चहा करायची. गिऱ्हाइकाला फाडून खाणारी ही बाई, पण दिरापुढं तिची वाचाच बसायची. तो गेला की शिलाई मशीनशी बोलायची. "वरची खोली म्हणे! खाली भांडी कोण घासणार, ते नाही सांगत. जावेचं पोरगं कोण सांभाळणार, ते नाही सांगत." मशीन सगळं ऐकून घ्यायचं आणि खडखड करायचं. दिरापुढं बाईला तोंड नव्हतं, म्हणून तिनं माझं आणलं होतं.

मला काउंटरमागं एका जुन्या ट्रंकेवर बसवलं. पुढं बॅगा रचल्या. बाहेरून दिसायचं डोकं, छाती आणि जबडा. पुढच्या वेळी दीर आला, खुर्चीला हात घातला, आणि मी पोटातून आवाज काढला.

"वहिनी! हे काय आणलंत?"

"कुत्रा आहे, भावोजी."

"चावतो?"

"छे. म्हणजे आधीच्या घरी दोघांना टाके पडले, पण चूक त्यांची होती. खुर्चीत बसले होते."

दिराचा हात खुर्चीवरून असा उठला, जसा तापल्या तव्यावरून उठावा. मी तिच्याकडं पाहिलं. डोळ्याची पापणीही लवली नव्हती. थाप मारणाऱ्यांत माझी गणना वरची, पण त्या दिवशी मला तिचा हेवा वाटला.

तेव्हापासून तो पायरीवरूनच बोलायचा. चहा बंद झाला. बाईचं आणि माझं प्रेम वगैरे काही जमलं नाही, गैरसमज नको. माझी लघवी आपोआप होत नाही. पोट दाबून काढावी लागते. ती तोंड वाकडं करून दाबायची, मी मान वळवून चावायला बघायचो. "चाव, मेल्या, चाव," ती म्हणायची, "सगळी इंजेक्शनं घेऊन बसलेय." मी खोलीभर फरफटत फिरून कमरेला जखमा करून घेतल्या, तेव्हा तिनं शिव्या देत मलम लावलं. मग टेप घेऊन मला मोजलं, लांबी, रुंदी, उंची. तिच्या हिशेबी मी एक बॅगच, फक्त आत भरलेलं बाहेर येतं एवढाच फरक.

ट्रॉलीबॅगेची दोन चाकं, छत्रीच्या काड्या, जुन्या पाठपिशवीचे पट्टे. त्याची तिनं गाडी केली. मी त्यात उभा राहिलो आणि पहिल्याच दिवशी तिची चप्पल पळवली. चाकं अशी खडखडायची की शेजाऱ्यांना वाटावं, कुणीतरी घर सोडून चाललंय.

आणि मग तो दिवस. दीर आला, सोबत एक सुतार. "वहिनी, नुसतं माप घेतोय. काचेची कपाटं कुठं बसतील ते बघायला. तुम्ही चालू द्या तुमचं." सुतारानं टेप भिंतीला लावली. बाईचं मशीन थांबलं. तिनं माझ्याकडं पाहिलं.

मी तेव्हा गाडीतच होतो. काउंटरमागून जो सुटलो, तो वाऱ्यासारखा! उंबरा ओलांडला, पायरीवरून उडी घेतली, दिराच्या पोटरीचा लचका धरला. तो पळाला, मी मागं, चाकांतून ठिणग्या! सुतार दिव्याच्या खांबावर चढला. बाजारातल्या माणसांनी वाट करून दिली. चौक गेला, पूल गेला, दिराची पॅण्ट गेली. गावाच्या वेशीवर त्यानं हात जोडले, तेव्हा कुठं मी सोडला.

दीर परत आलेला नाही. दुकान बाईचंच आहे.

आता तुम्ही असे बघताय म्हणून सांगतो. पोटरीपर्यंत मी पोचलोच नाही.

काउंटरमागून सुटलो, हे खरं. पण गाडीचं एक चाक उंबऱ्याला अडलं आणि मी उलटा झालो. पाठ खाली, चाकं वर, ती गरगर फिरतायत, आणि मी आभाळाकडं बघून भुंकतोय. दीर आधी दचकला. मग वाकून बघितलं. मग हसला; पोट धरून, भिंतीला टेकून हसला.

"ह्याला भीत होतो मी? अहो वहिनी, ह्याला तर खालून काहीच नाही!" सुताराला म्हणाला, "बघितलंस? मालकिणीला शोभतोय." आणि बुटाच्या टोकानं त्यानं माझं चाक पुन्हा फिरवलं. गंमत म्हणून.

मी त्याच्यावर भुंकलो. जितकं भुंकलो तितका तो हसला.

बाई उठली. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही. हातात कापड कापायची कात्री होती. ती तिनं मशीनवर ठेवून दिली, आणि तेच मला जास्त भयंकर वाटलं.

"भावोजी, पाय काढा."

"अहो, गंमत केली—"

"पाय काढा. टेप काढा. सुतार काढा. दुकान माझ्या नावावर आहे. कपाटं तुमच्या वरच्या खोलीत बसवा, आणि आराम करायला तुम्हीच जा तिथं."

"वहिनी, हे घरच्या माणसाशी बोलणं झालं?"

"झालं. निघा."

सुताराची टेप सुर्रकन डबीत गेली. दीर पायरी उतरताना "बघून घेईन" म्हणाला, पण ते गल्लीला म्हणाला. बाईनं मला सरळ केलं, मी तिला चावलो, तिनं माझ्या कानफटात मारली.

"मेल्या," ती म्हणाली, "आता तुझा काय उपयोग? भुंकायला मीच आहे की."

मलाही ते पटलं. म्हणून थोड्या दिवसांनी दादाचा फोन आला, तेव्हा मी गप्प राहून कान दिले. दादा विचारत होता, जमतंय ना? नाहीतर आणून सोडा, ताई, त्याचा गाळा रिकामाच आहे. बाईनं सुईत दोरा ओवला, काढला, पुन्हा ओवला. मी ट्रंकेची कड दातांत धरली आणि सोडली नाही.

"आणून सोडलं असतं," ती म्हणाली, "पण त्याची गाडी नीट झालेली नाही. काम पुरं झाल्याशिवाय मी वस्तू दुकानाबाहेर जाऊ देत नाही. झाली की बघू."

तेव्हापासून ती गाडी नीट करतेय. चाक बदलते, बक्कल बदलते, सगळं जमत आलं की सकाळी पोटाखालचा पट्टा तुटलेला सापडतो. ती पट्टा विकणाऱ्याच्या नावानं खडे फोडते, माल हलका देतो म्हणते, आणि नवा पट्टा शिवायला घेते.

माल चांगला आहे. पट्टा मी चावतो. त्या बिचाऱ्या दुकानदाराला शिव्या बसतायत, बसू देत. तुम्ही मात्र तोंड उघडू नका. नाहीतर माझे दात तुम्हाला माहीत आहेत.